मिठाचा एक्स-रे

आमच्याकडे जिरावण घरीच कुटतात. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगतो: जिरावण म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला. जिरं, धणे, बडीशेप, सुंठ, आमचूर आणि घरोघरी बदलणारं बरंच काही. आमच्या घरच्यात सैंधव हवंच. मागच्या महिन्यात वहिनींनी खलबत्त्यात सैंधवाचा खडा टाकला, दोन ठोके घातले आणि एक कपची माझ्यापुढे धरली.

"भाऊजी, हे बघा. कसंही फोडा, कडा सरळच."

भिंग आणून पाहिलं. पायऱ्याच पायऱ्या, आणि पायरीचा प्रत्येक कोपरा काटकोनात. मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे गप्प बसणं जमत नाही. म्हटलं, आत सोडियम आणि क्लोरीन बुद्धिबळाच्या पटावरच्या काळ्या-पांढऱ्या घरांसारखे एकाआड एक बसलेत. शेजारच्या दोघांमधलं अंतर २.८२ अँगस्ट्रॉम. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यातले तीनही नाहीत.

"कुणी पाहिलं?"

"एक्स-रे काढून कळतं."

"एक्स-रे हाडांचा काढतात. मिठाला हाडं कुठली?"

मग मी जे अर्धा तास बोललो, ते इथे जरा नीट मांडतो आहे. वहिनींची शंका अगदी बरोबर जागी होती. दवाखान्यातला एक्स-रे म्हणजे सावली: हाडात किरण जास्त अडतात, मांसात कमी. मिठाच्या बाबतीत सावलीचा काही उपयोग नाही. तिथे अणूंचं चित्र कुठेच उमटत नाही. उमटतात ते ठिपके, नाहीतर रेघा. त्यांवरून आत काय असेल ते हिशेब करून काढावं लागतं, आणि तो हिशेब कधी दहा मिनिटांत सुटतो, कधी कित्येक वर्षं सुटत नाही.

ठिपक्यांची रांगोळी ज्यांनी काढली आहे त्यांना स्फटिकाचं अर्धं व्याकरण आधीच येतं. आधी ठिपके मांडायचे, सरळ ओळींत किंवा एकाआड एक सरकवून. मग दर ठिपक्याभोवती तीच नक्षी. स्फटिकातही हे दोन वेगळे प्रश्न आहेत: ठिपके कसे मांडलेत, आणि दर ठिपक्यापाशी काय ठेवलंय? मिठात दर ठिपक्यामागे सोडियम-क्लोरीनची एक जोडी, बस्स. गार्नेट नावाच्या लाल खड्यात मात्र दर ठिपक्यामागे ८० अणू. रांगोळीचा जो छोटा तुकडा चारी बाजूंना पुन्हा पुन्हा मांडला की अख्खी रांगोळी होते, त्याचा स्फटिकातला भाऊ म्हणजे युनिट सेल. फक्त तो सपाट नसतो, खोक्यासारखा असतो: तीन बाजू, तीन कोन.

असे ठिपके अवकाशात मांडायच्या तऱ्हा मोजून १४ आहेत. नक्षीची सममिती त्यात मिळवली की एकूण २३० प्रकार होतात. ही यादी रशियातले फेदोरोव आणि जर्मनीतले शोनफ्लीस यांनी १८९१ च्या सुमारास कागदावर पुरी केली, आणि एक्स-रे सापडले १८९५ साली. म्हणजे आत डोकावायची खिडकी उघडण्याआधीच आत काय काय असू शकेल त्याची पक्की यादी तयार होती. मला या गोष्टीचं अजून नवल वाटतं.

आता स्फटिकातली ठिपक्यांची ही मांडणी मोजायची कशी? यासाठी एक प्रयोग सांगतो, खर्च शून्य. रात्री गच्चीवर जा आणि दूरच्या एखाद्या बारीक दिव्याकडे पातळ महेश्वरी पदरातून पाहा. महेश्वरी हाताशी नसेल तर काळी छत्री उघडा, तिचं कापडही चालतं. दिव्याच्या चारी बाजूंना ठिपक्यांची फुली दिसेल. मधला ठिपका उजळ, बाहेरचे फिके होत गेलेले, कडांना किंचित रंग. हे ठिपके म्हणजे धागे नव्हेत. धाग्यांमधल्या फटींतून आलेल्या प्रकाशलहरी काही ठरावीक दिशांना एकमेकींना जोर देतात आणि बाकीच्या दिशांना एकमेकींना मारतात. शास्त्रात याला विवर्तन म्हणतात.

पदर गोल फिरवला की फुली फिरते. तिरका ताणला की फुलीही तिरकी होते. वीण जितकी घट्ट, तितके ठिपके लांब लांब, म्हणजे व्यवहार उलटा. आणि पदर नुसता बाजूला सरकवला तर? ठिपके जागचे हलत नाहीत. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच आपल्याला छळणार आहे.

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४००० ते ७००० अँगस्ट्रॉम. अणूंची वीण दोन-तीन अँगस्ट्रॉमची. इतक्या बारीक विणीला लहरही तेवढीच बारीक लागते, आणि ती एक्स-रेंची असते. १९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांना हे सुचलं, आणि फ्रीडरिश व क्निपिंग यांनी करून दाखवलं. स्फटिक कुठला घेतला, तर मोरचुदाचा. फवारणीसाठी शेतकरी चुन्यात कालवतात तोच निळा मोरचूद. मागच्या फोटोच्या काचेवर ठिपके उमटले आणि दोन गोष्टी एकाच वेळी सिद्ध झाल्या: एक्स-रे ही लहर आहे, आणि स्फटिकात अणू खरोखरच ओळीने बसलेत.

ठिपके आले, पण त्यांचा अर्थ सोप्या भाषेत लावला तो लॉरेन्स ब्रॅग या केंब्रिजच्या पोराने. पोरगाच म्हणायचं, कारण १९१५ साली वडिलांसोबत नोबेल मिळालं तेव्हा तो २५ वर्षांचा होता. त्याची युक्ती समजायला आगरकडच्या संत्र्याच्या बागांशेजारून बसने जावं. खिडकीतून बघताना झाडांच्या ओळी एकदम उघडतात, मिटतात, पुन्हा दुसऱ्याच तिरक्या दिशेने उघडतात. झाडं तीच, पण ओळींची घराणी कितीतरी. सरळ ओळींमधलं अंतर जास्त, तिरक्या ओळी एकमेकींना चिकटून. स्फटिकात या ओळींच्या जागी अणूंचे थर असतात. ब्रॅग म्हणाला, प्रत्येक घराणं म्हणजे एकावर एक रचलेले आरसे समजा. खालच्या आरशावरून परतणाऱ्या किरणाला थोडी जास्त वाट चालावी लागते. ती जादा वाट तरंगलांबीच्या नेमक्या पटीत आली की सगळे थर एका सुरात बोलतात आणि त्या कोनावर झगझगीत परावर्तन मिळतं. नाहीतर काहीच नाही. म्हणजे कोन मोजला आणि तरंगलांबी माहीत असली की थरांमधलं अंतर हातात.

आता आमच्या खलबत्त्यातलं मीठ घेऊ. मैद्यासारखं बारीक करायचं, काचेच्या पट्टीतल्या खाचेत भरायचं, वरून दुसऱ्या काचेने सपाट करायचं. कॉलेजांतल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा तांब्याच्या टार्गेटची ट्यूब असते आणि तिच्या किरणांची तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम. मशीन हळूहळू कोन वाढवत जातं आणि कागदावर, आता स्क्रीनवर, आलेख सरकत राहतो. बराच वेळ सपाट रेघ. २७.४ अंशांवर एक इवलासा उंचवटा. ३१.७ वर एकदम ताडमाड शिखर. ४५.५ वर दुसरं. पुढे ५४ च्या आसपास पुन्हा एक बारकं, मग ५६.५ वर मध्यम.

ताडमाड शिखराचा हिशेब करू. मशीन दाखवतं तो कोन दुप्पट असतो, म्हणून ३१.७ चे अर्धे, १५.८५. त्याचा साइन ०.२७३. १.५४ भागिले त्याची दुप्पट: २.८२ अँगस्ट्रॉम. वहिनींना सांगितलेला आकडा इथून आला. पण सोडियमपासून पुढच्या सोडियमपर्यंत अशी दोन पावलं, म्हणून युनिट सेलची बाजू याच्या दुप्पट, ५.६४.

पण आत सोडियम-क्लोरीन एकाआड एकच आहेत हे कशावरून? याचं उत्तर त्या इवल्याशा उंचवट्यात आहे, आणि मला विचाराल तर सगळ्या विषयातला हा सर्वात देखणा भाग. मिठाच्या घनाकडे कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणाऱ्या कर्णाच्या दिशेने पाहिलं तर एक थर नुसत्या सोडियमचा, पुढचा नुसत्या क्लोरीनचा, असे आलटून पालटून येतात. २७.४ अंशांवर सोडियमचे थर आणि क्लोरीनचे थर एकमेकांच्या अगदी उलट बोलतात. एक्स-रे विखुरतात ते इलेक्ट्रॉन. मिठात सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतो आणि दोघं आयन होतात: सोडियमच्या आयनात ते १०, क्लोरीनच्या (क्लोराइडमध्ये) १८. भांडणात १८ वाले जिंकतात, पण जेमतेम, म्हणून शिखर इवलंसं. ३१.७ वर दोघं एकाच बाजूने बोलतात, १८ अधिक १०, म्हणून ते ताडमाड.

आता सोडियम काढून पोटॅशियम घाला. पोटॅशियम क्लोराइडमध्ये दोन्ही आयनांत १८-१८ इलेक्ट्रॉन. बरोबरीत सुटलेली कुस्ती: तो इवलासा उंचवटा गायबच होतो. एक्स-रेंना दोघं सारखेच दिसतात. मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड यांच्या चित्रांतला हाच फरक ब्रॅगने १९१३ साली पकडला. त्यावरून कोण कुठे बसलंय ते ठरलं.

पडताळा वजनाने घेता येतो. ५.६४ बाजूच्या घनाचं आकारमान काढा, मिठाची घनता घन सेंटिमीटरला २.१६५ ग्रॅम धरा, एका मोलचं वजन ५८.४४ ग्रॅम आणि अॅव्होगॅड्रोचा आकडा (एका मोलमध्ये जोड्या किती, तो) घाला. एका युनिट सेलमध्ये सोडियम-क्लोरीनच्या जोड्या किती, तर ४.००. मिठाच्या या घनाच्या वाट्याला ठिपके चार येतात, दर ठिपक्यामागे एक जोडी, म्हणजे हिशेब जुळला. वर्गात मुलांनी हे गणित पहिल्यांदा सोडवलं की हमखास कुणीतरी विचारायचं, "सर, खरंच चार आलं?" खरंच येतं. साडेतीन आलं असतं तर आपलं सगळं चित्र चुकलं असतं.

या निकालाने रसायनशास्त्रातले काही जुनेजाणते दुखावलेही. मिठाचा रेणू म्हणजे एक सोडियम, एक क्लोरीन, हे सगळ्यांना पाठ. इथे तर रेणूच नाही. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, कोण कुणाचा जोडीदार ते सांगता येत नाही. हेन्री आर्मस्ट्राँग नावाच्या बुजुर्ग इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने तर १९२७ साली 'नेचर' या विज्ञानाच्या साप्ताहिकात पत्र लिहून बिचाऱ्या मिठाची बाजू घेतली. बुद्धिबळाचा पट त्यांना काही केल्या पटेना.

मीठ सुटलं कारण ते गरीब आहे: घनाकृती, अणू दोनच, जागा मोजक्या. खरी खनिजं अशी नसतात, आणि तिथे ती पदराची गोष्ट आडवी येते. ठिपक्यांच्या जागांवरून युनिट सेलचं माप मिळतं, हे झालं. आतले अणू कुठे आहेत ते ठिपक्यांच्या उजेडात लपलेलं असतं. पण प्रत्येक लहरीची दोन अंगं: ती किती मोठी आहे, आणि तिचा उंचवटा नेमका कधी येतो. फिल्म असो की डिटेक्टर, नोंद होते ती फक्त मोठेपणाची. कधी, ते हरवतं. पदर सरकवला तरी ठिपके हलले नाहीत, ते यामुळेच.

अनंत चतुर्दशीला इंदूरात मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात तेव्हाचा ढोल-ताशा आठवा. समजा मी तुम्हाला कोणत्या वादकाने किती जोरात वाजवलं त्याची पक्की यादी दिली, पण कुणाचा ठोका कधी पडला ते सांगितलंच नाही. त्या यादीवरून ताल बांधून दाखवा. स्फटिकवाल्यांची अडचण नेमकी हीच. पुस्तकात तिला फेज प्रॉब्लेम म्हणतात.

यावर पहिला मोठा तोडगा १९३४ साली आर्थर पॅटरसन यांनी काढला. ते म्हणाले, 'ठोका कधी'ची भानगड सोडा, नुसत्या जोरांवरून एक नकाशा काढू. त्या नकाशात अणूंच्या जागा येत नाहीत. येतात ती दोन-दोन अणूंमधली अंतरं, दिशेसकट. जणू कुणी गावांची नावं न देता नुसतं सांगावं: एक गाव दुसऱ्याच्या अमुक दिशेला अमुक कोसांवर. इंदूर, देवास, उज्जैन एवढीच तीन गावं असतील तर नकाशा जुळवता येतो. शंभर गावं असतील तर डोकं फिरतं. पण त्यांत एखादा जडभारी अणू असला, शिसं, बेरियम वगैरे, की त्याची अंतरं गर्दीतही उठून दिसतात. आधी त्याला पकडायचं, मग त्याच्या आधाराने बाकीचे. अनेक खनिजं याच वाटेने सुटली. दुसरा तोडगा निव्वळ गणिताचा. अणू सुटे-सुटे असतात आणि इलेक्ट्रॉनांची दाटी कुठेही शून्याखाली जाऊ शकत नाही. एवढ्या दोन साध्या अटी घातल्या तरी ठोक्यांच्या बहुतेक वेळा बादच होतात. उरतात त्यांतून खरी शोधता येते. यासाठी हाउप्टमान आणि कार्ल यांना १९८५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांतले हाउप्टमान मूळचे गणितज्ञ. आता हे काम संगणक करतो, आणि चांगला एकसंध स्फटिक मिळाला तर चहा होईपर्यंत उत्तर येतं.

'मिळाला तर' हे महत्त्वाचं. माती, गंज, सिमेंट यांचा एकसंध स्फटिक कोण देणार? तिथे भुकटीच. भुकटीत लाखो कण लाखो दिशांना तोंडं करून पडलेले. प्रत्येकाचे ठिपके मिसळून गोल कडी होतात आणि आलेखावर ती कडी म्हणजे एक शिखर. त्रिमितीतली सगळी माहिती एका ओळीत चेपलेली, शिखरं एकमेकांच्या अंगावर चढलेली. १९६९ साली नेदरलँड्समधले ह्यूगो रिटवेल्ड यांनी शिखरं सोडवत बसायचा नादच सोडला. आधी रचनेचा एक अंदाज धरायचा, त्यावरून अख्खा आलेख गणिताने काढायचा, मोजलेल्या आलेखावर ठेवायचा, आणि दोघांतला फरक कमीत कमी होईपर्यंत अणूंना तसूतसूने सरकवायचं. अंदाज मुळातच चुकीचा असेल तर मात्र ही पद्धत तुम्हाला अगदी नीटनेटका चुकीचा जबाब देते. भुकटीच्या कामात सर्वात जास्त फसगत मी इथेच पाहिली आहे.

माझी स्वतःची फसगत वेगळी. एम.एस्सी.ला असताना मला अभ्रकाची भुकटी दिली होती. मी ती पट्टीत दाबून दाबून छान सपाट केली. आलेखात एकाच घराण्याची शिखरं गगनाला भिडलेली, बाकी जवळजवळ काही नाही. दोन दिवस मी काहीतरी नवीन सापडलं या आनंदात होतो. अभ्रकाचे कण पापुद्र्यांचे. दाबले की सगळे पत्त्यांसारखे आडवे पडतात आणि एकच तोंड दाखवतात. सरांनी आलेख पाहून फक्त विचारलं, "दाबलंस ना?"

यापुढची पायरी आमच्या गावातच आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, ज्याला इंदूरात अजूनही सगळे जुन्या नावाने 'कॅट' म्हणतात आणि जिथे जाणारा रस्ताही कॅट रोडच आहे. तिथे इंडस-१ (१९९९) आणि इंडस-२ (२००५) अशी दोन सिंक्रोट्रॉन यंत्रं आहेत. इंडस-२ म्हणजे सुमारे १७२ मीटर घेराचं कडं, त्यात २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. चुंबकाने त्यांना वळवलं की वळणावर एक्स-रे बाहेर पडतात, ओल्या फडक्याला झटका दिला की पाणी उडावं तसे. ट्यूबच्या मानाने ते कितीतरी प्रखर. त्याहून मोठी सोय म्हणजे हवी ती तरंगलांबी निवडता येते. मँगनीजमध्ये २५ इलेक्ट्रॉन, लोखंडात २६. साध्या मशीनला हे दोघे जुळे वाटतात. पण तरंगलांबी एकाच्या नेमक्या मर्मावर आणली की तो वेगळा वागू लागतो, आणि कोणत्या जागी कोण आहे ते कळतं. हायड्रोजनपुढे मात्र एक्स-रे हरतात, कारण त्याच्याकडे इलेक्ट्रॉनच एक. त्यासाठी न्यूट्रॉन लागतात, आणि आपल्याकडे ते मुंबईत ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतून मिळतात.

इतका खटाटोप कशाला, असं वाटेल. रासायनिक सूत्र पुरत नाही, म्हणून. माळव्याचं पठारही दख्खनच्याच काळ्या दगडाचं. या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट वर्गाची खनिजं सापडतात. त्यांच्या रचनेत अणूंच्या मापाची भुयारं असतात. भुयाराचं तोंड किती रुंद आणि आत कोणता आयन बसलाय, हे कळलं म्हणूनच माणसाला हवे तसे झिओलाइट बनवता आले. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये घरोघरी धडधडणाऱ्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये तेच होते, हवेतला नायट्रोजन धरून ठेवत.

आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला तो निळा दगड, कॅव्हनसाइट. नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट यांवरून जुळवलेलं. त्याचा एक भाऊ आहे, पेंटागोनाइट. तोही वाघोलीत मिळतो, निळाच, आणि रासायनिक सूत्र अक्षरन् अक्षर तेच. फरक एवढाच की एकात सिलिकेटच्या साखळ्यांची चौकोनी आणि अष्टकोनी कडी होतात, दुसऱ्यात षटकोनी. रसायनाच्या बाटल्या घेऊन बसलात तर दोघांत फरक सापडणार नाही.

माझ्या टेबलावर असा एक निळा झुबका आहे, पुण्याहून आणलेला. सराईत माणूस स्फटिकांच्या आकारावरून दोघांतला फरक सांगतो, मला ते जमत नाही. परवा वहिनींनी तो उचलून उजेडात धरला.

"मोरचूद आहे का?"

म्हटलं, नाही. दोनपैकी एक आहे, पण कोणता ते बघायचं तर थोडा कुटून मशीनमध्ये घालावा लागेल, आणि मन होत नाही.

"खलबत्ता घासून ठेवलाय," म्हणाल्या, आणि झुबका अलगद जागेवर ठेवून दिला.